सिंहमहाराजांस, डोंबिवली पूर्वेहून

श्रीमान सिंहमहाराज,
बॉनेटवरचे, मूळ मुक्काम सोशो, फ्रान्स, यांसी


पत्र उघडंच टाकतो आहे, कारण पाकिटावर नाव कोणाचं घालावं ते ठरेना. १९९४ मध्ये ज्या 'पाल-प्युजो'ने आपल्याला कल्याण-शीळ रस्त्याच्या काठी आणून बसवलं, तिचा धंदा केव्हाच आटोपला. तिच्यातला इथला भागीदार म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याहून तिची पद्मिनी बाहेर पडणं बंद झालं त्यालाही जमाना लोटला. आपल्या माहेरची पाटीसुद्धा २०२१ पासून बदलली, आता दारावर 'स्टेलँटिस' लिहिलेलं असतं. उरलात आपण आणि आम्ही.

आम्ही म्हणजे ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या टापूतलं जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांचं मंडळ. नोंदणी नाही, वर्गणी नाही, अध्यक्षपदाला मात्र उमेदवार कायम तयार. 'स्पोर्ट्स' या शब्दाला आपण हसणार, हे धरून चाललो आहोत. मंडळात कॉन्टेसा आहेत, ज्यांच्या मालकांना आपली गाडी अमेरिकन वाटते. माझी ११८ एनई आहे. तिचं अंग फिएट १२४ चं, त्याचे साचे स्पेनच्या सिएटकडून आलेले आणि इंजिन निस्सानचं. एवढ्या देशांचं रक्त असलेली गाडी सकाळी थंड असताना कुठल्याच भाषेत चालू होत नाही, पण तो वेगळा विषय. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, म्हणजे खरीखुरी दोन आसनांची, टप उघडणारी फायबरची गाडी, कोणाकडे तरी आहे असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी सांगतं. पाहिलेली अजून कोणी नाही.

आणि आपली प्युजो ३०९ आहे. पाठीमागे 'जीटीआय' असा बिल्ला चिकटवलेली.

त्या बिल्ल्याबद्दल मंडळाच्या वतीने क्षमस्व. युरोपात आपल्या ३०९ जीटीआयला १.९ लिटरचं इंजिन होतं, १३० अश्वशक्तीचं, आणि तिकडचे शौकीन आजही तिच्या मागे वेडे आहेत. डोंबिवलीत जोडलेल्या पेट्रोल ३०९ ला १.४ लिटरचं होतं, आणि तिच्या मागे लागली ती फक्त सोसायटी, 'बेवारस वाहन हटवा' अशी नोटीस घेऊन. पण मालकाचं म्हणणं, घराणं तर एकच ना! आणि घराण्याबद्दल बोलायला लागला की तो थांबत नाही. १९८५ आणि १९८६ ची जागतिक रॅली स्पर्धा २०५ टर्बोने जिंकली. डाकार रॅली १९८७ पासून सलग चार वर्षं आपल्याच घरात. १९८८ ला तर आरी वातानेन आघाडीवर असताना त्याची ४०५ बामाको मुक्कामी चक्क चोरीला गेली. ती सापडली, पण सुरुवातीची वेळ टळून गेली आणि वातानेन बाद झाला. तरी शर्यत आपलीच, कारण मागून येणारा आपलाच दुसरा चालक कांकुनेन २०५ घेऊन पहिला आला. ही गोष्ट आमच्या बैठकीत दर वेळी होते आणि दर वेळी कोणीतरी म्हणतं, "तुझी ३०९ किल्ली आत ठेवून फडके रोडला लावून बघ." सूचना अजून कोणी अमलात आणलेली नाही. रात्रभर राहिली तर अपमान फार मोठा व्हायचा.

असो. पत्र लिहायचं कारण आभार मानणं हे आहे.

आपण १९९७ मध्ये परत गेलात. भागीदारांचं पटलं नाही, कामगारांचं पटलं नाही, त्याच वेळी प्रीमियरने कुर्ल्यात फिएटशी दुसरा संसार मांडून उनोची लाखांनी बुकिंगं घेतली होती. चूक कोणाची या वादात आम्ही पडत नाही. त्या वादावर मानपाडा रोडच्या चहाच्या टपऱ्यांवर जितकं बोललं गेलं, तितकं पॅरिसच्या बोर्डरूममध्येही झालं नसेल. मुद्दा असा की आपण गेलात म्हणून आमचं कल्याण झालं. (कल्याण तालुका आधीपासून होताच.) ज्या कंपन्या राहतात त्या गिऱ्हाइकाला काचेच्या खोलीत बसवून कॉफी पाजतात आणि आत काय चाललंय ते बघू देत नाहीत. आपण आम्हाला त्या काचेतून मुक्त केलंत. आज ३०९ चा मालक गाडीच्या पोटाखाली आडवा होऊन जे ओळखतो, ते कागदावरच्या हमीने कधी शिकवलं नसतं.

उदाहरणार्थ आपला मागचा ॲक्सल. मोठी देखणी रचना, मानलं. कॉइल स्प्रिंग नाहीच. आडव्या नळीजवळ पोलादी टॉर्शन बार, जो पिळला जाऊन धक्का खातो, आणि चाकं धरणारे दोन हात त्या नळीच्या टोकांशी सुयांसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर फिरतात. पण त्या बेअरिंगचं तोंड झाकणारं सील एकदा फाटलं की ग्रीस बाहेर आणि पाणी आत. सोशोला पाऊस पडतच असेल, पण रस्त्याला नाला समजून चालवायची वेळ तिकडच्या इंजिनियरांवर आली नसावी. आमच्याकडे जून ते सप्टेंबर सुया गंजतात, शाफ्ट कुरतडतात आणि दिवाळीपर्यंत मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकतात. रस्त्यावरच्या पोरांना वाटतं, रेसिंगसाठी मुद्दाम केलंय. मालक नाही म्हणत नाही.

हे काम आमच्याकडे जे काका करतात, ते आपल्याच कारखान्यात असेंब्लीला होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी रिक्षा दुरुस्त केल्या, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी बांधल्या, आणि आता निवृत्तीच्या वयात एका पत्र्याच्या शेडमध्ये आपली इज्जत सांभाळतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी ॲक्सल उतरवून बाकड्यावर घेतला. पहिलं काम कुठलं? सेंटर पंच घेऊन बारच्या टोकावर आणि हाताच्या कडेवर समोरासमोर खूण. बारला दाते असतात, बसवताना एक दाता इकडचा तिकडे झाला की गाडी एका कुशीवर बसते. मग बार निघेना. डिझेल पाजून रात्रभर मुरवला, सकाळी गॅसच्या ज्वाळेने शेकला आणि स्लाइड हॅमर घालून काकांनी असा ओढला की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने शटर खाली घेतलं. शाफ्ट हातात आला तेव्हा त्यावर सुयांनी पाडलेल्या चऱ्या नखाला लागत होत्या. नवीन कुठून आणणार? काकांनी मायक्रोमीटर लावला, पाकिटाच्या मागे माप लिहिलं आणि एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून तसाच दुसरा कातून आणला. हार्डनिंग केलं, ग्राइंडिंग केलं, पुन्हा माप घेतलं. बेअरिंग मापावर मिळालं. रबराच्या वस्तू उल्हासनगरहून आल्या आणि त्यांच्यावर नेहमीप्रमाणे जो देश लिहिला होता त्याबद्दल आम्ही विचारलं नाही.

काम झाल्यावर हात पुसता पुसता काका म्हणाले, "कंपनीत होतो तेव्हा पेट्या फोडायचो आणि जोडायचो. गाडी बनवायला लागलो ते आत्ता."

महाराज, यातला हिशोब आपल्या लक्षात आला असेल. आपण करारावर सही करताना स्वदेशीकरण नावाची जी गोष्ट कबूल केली असेल, ती आपल्याच्याने तीन-चार वर्षांत किती झाली कोण जाणे. आता मात्र दर पावसाळ्याला थोडी थोडी होते आहे. डिझेल ३०९ तर अर्धी मारुतीच झाली, कारण आपलंच १५२७ सीसीचं इंजिन मारुतीने पुढे झेन आणि एस्टीममध्ये बसवलं आणि आम्हाला पिस्टन रिंगांसाठी पॅरिसला जायची गरज उरली नाही, कुर्ल्याचा सीएसटी रोड पुरतो. पेट्रोलवाल्यांचे हाल जास्त. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात, म्हणून त्याही बदलून झाल्या. या वेगाने चाललं तर एक दिवस ३०९ मध्ये फ्रेंच असं फक्त आपलं चित्र राहील.

आणि इथेच सरकारने आमची पंचाईत केली आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' ठरते. नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. नोंदणीला २० हजार रुपये, पुढे फेरनोंदणीला ५ हजार. अट एवढीच की रोजच्या कामाला रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर. १९९४ ची ३०९ या मानाला २०४४ मध्ये पात्र होईल. तोपर्यंत ती नुसती म्हातारी. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणी ६०० रुपयांत व्हायची, ती एप्रिल २०२२ मध्ये ५ हजारांवर गेली. थोडक्यात, चालवली तर भंगार आणि उभी ठेवली तर वारसा. रस्त्यावर न चालवण्याची अट आम्ही २०४४ ची वाट न पाहता आजच पाळतो. संध्याकाळी सहा ते नऊ कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखाली आम्हीही उभे असतो, आमच्या बाजूच्या नव्याकोऱ्या गाड्याही उभ्या असतात. पण 'मूळ रूपात' या शब्दांवर मंडळाची झोप उडाली आहे. डोंबिवलीत बनलेल्या गाडीत डोंबिवलीत कातलेला शाफ्ट, हे मूळ रूप की नाही? आरटीओत कोणाला विचारायची हिंमत नाही. उत्तर लेखी मिळालं तर?

आपण म्हणाल, मग ही माणसं गाडी चालवतात कधी? रविवारी. पहाटे पाचला चोक ओढून अख्खी इमारत जागी करायची, शहाडचा पूल ओलांडून मुरबाडमार्गे माळशेजच्या पायथ्याशी जायचं. तिथे तास दीड तास रस्ता मोकळा असतो आणि घाटाची वळणं सुरू झाली की बिल्ला खोटा असला तरी मागची चाकं खरं बोलतात. १.४ लिटरची ही गाडी वळणात कॉन्टेसाला मागे टाकते. सरळ रस्ता आला की कॉन्टेसा पुढे जाते आणि मालक हात दाखवून जातो. परतताना कोणीतरी एक बंद पडतं. त्याला दोरीने बांधून ठाण्यापर्यंत ओढत नेऊन मामलेदारची मिसळ खायची, हा मंडळाचा एकमेव लिखित नसलेला आणि तरीही कधी न मोडलेला नियम. वारी पुरी होईपर्यंत ऊन तापतं, इंजिनं तापतात, बायकांचे फोन तापतात.

मध्यंतरी आपण परत येणार अशी हवा होती. २०११ मध्ये गुजरातेत साणंदला कारखाना काढायचं ठरवलंत, पुढच्या वर्षी बेत रहित केलात. २०१७ मध्ये ८० कोटी रुपये मोजून 'ॲम्बॅसडर' हे नाव विकत घेतलंत. गाडी नव्हे, नाव! बातमी वाचून आमच्या ३०९ वाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्याकडे आपलं नाव गाडीसकट होतं आणि तो ऐंशी हजारांतही खुश होता. आता आपलं चुलत घराणं, सिट्रोएन, इथे मोटारी विकतं. त्यांच्या शोरूमसमोरून आम्ही ३०९ मुद्दाम सावकाश नेतो. सावकाश जाण्यामागे दुसरीही कारणं आहेत.

तेव्हा मागणं फार नाही. आम्ही जे शाफ्ट कातले त्यांच्या नकाशांचे पैसे मागू नयेत. जमल्यास मागच्या ॲक्सलचं सील पावसाचा विचार करून नव्याने काढावं आणि दोन डझन पाठवावीत. आणि कोणे एके काळी कल्याण-शीळ रस्त्यावर आपला कारखाना होता, याचा एखादा फोटो सोशोच्या आपल्या संग्रहालयात लावावा. इथे त्या पट्ट्यात आता टॉवर आहेत. 'प्रीमियर कॉलनी' एवढं रिक्षावाल्याला कळतं, पण प्रीमियर काय होतं ते त्याच्या पोराला सांगता येत नाही. काकांच्या मुलाने तिथेच टू बीएचके बुक केला आहे. पार्किंग एकाच गाडीचं मिळतंय आणि काकांची पंचाईत अशी की त्यांच्या दारात ३०९ च्या मालकाने दुसरी ३०९ आणून उभी केली आहे, सुट्या भागांसाठी.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
जुन्या गाड्यांचं मंडळ, ठाणे-कल्याण-डोंबिवली
(अध्यक्षांची सही निवडणूक झाल्यावर)

ता. क. पार्सलवर 'डोंबिवली पूर्व' असं ठळक लिहावं. पश्चिमेला उतरलं तर आणायला ३०९ काढावी लागेल, आणि तिचा मागचा ॲक्सल सध्या पुन्हा बाकड्यावर आहे.