राजीखुशीचे बारा तास

कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांचा करायला राज्य मंत्रिमंडळानं 3 सप्टेंबर 2025 रोजी मंजुरी दिली. ही बातमी हिंगणघाटला जिनिंगमध्ये सीझनभर राबणाऱ्या एका ओळखीच्या गड्याला सांगितली. तो खर्रा घोटत होता. हात न थांबवता म्हणाला, "बारा? म्हंजे सरकार कमी करून रायलं का जी?"

त्याचं काही चुकलं नाही. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की तिथं घड्याळ कोणी पाहत नाही, गठाणी मोजतात. आणि सरकारची रीत जुनीच आहे. वावरात बेकायदा प्लॉट पडले की ते नियमित करायचे, सरकारी जागेवर घरं उठली की पट्टे वाटायचे. आता तासांचं अतिक्रमण नियमित होतंय. प्लॉट नियमित करताना निदान अतिक्रमण करणाऱ्याकडून दंड तरी भरून घेतात. इथं ज्याच्या जागेत अतिक्रमण झालं, त्याचीच सही घेणार आहेत.

वर्धेकराला या तत्परतेचा हेवा वाटला तर नवल नाही. आमच्या जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते, ते जप्तीच्या बातम्या सांगतातच. शेजारच्या चंद्रपूरला 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठलीही. आमच्याकडे तसं करायची कोणाची छाती होत नाही, कारण गांधीजी आडवे येतात.

तासांच्या बाबतीतही ते आडवे यायला हवे होते, पण बहुधा मंत्रालयात कोणाला आठवण राहिली नसावी. 1935 च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या चरखा संघानं ठराव केला, तो याच वर्ध्यात. सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या नीट कामाचा मोबदला इतका तरी मिळावा की तिचं अन्नवस्त्र भागेल, असा तो ठराव. खादी महागेल अशी ओरड तेव्हाही झाली. पुढं बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखातं सांभाळत होते, तेव्हा 1946 ची कारखाने कायद्याची दुरुस्ती आली. बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला, आमच्या जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यांचा 60 वरून 50 वर. तेव्हाच्या मालकांनाही धंदा बुडेल असं वाटत होतंच.

आठवड्याचे 48 तास आजही कायम आहेत, हे सरकार आवर्जून सांगतं. म्हणून काही हुशार मंडळींनी हिशेब मांडला: 48 भागिले 12, उत्तर 4. चार दिवस काम, तीन दिवस सुटी! गणित बिनचूक आहे. पुण्याच्या संगणकवाल्यानं त्या तीन दिवसांत महाबळेश्वरला जावं. देवळीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं रोजावर असलेल्या माणसाला तीन दिवस सुटी म्हणजे तीन दिवस चूल थंड. तो दुसरीकडं कामाला जाईल आणि तिथंही बाराच तास भरेल. आतापर्यंत नववा तास संपला की दुप्पट दर लागू व्हायचा. दिवसच बारा तासांचा झाला, तर मधल्या तीन तासांचा दर दुप्पट राहील की साधा, हे मी दोन कारखानदारांना विचारलं. दोघंही इतके प्रसन्न हसले की मी पुढं विचारलं नाही.

जादा कामाची मर्यादाही तीन महिन्यांना 115 तासांवरून 144 वर जाणार. 144 हा आकडा कामगारांना तसा परका नाही. पूर्वी संपाच्या वेळी गेटसमोर लागायचं ते कलम हेच.

पण चिंता नको. कामगाराच्या लेखी संमतीशिवाय जादा काम देता येणार नाही. ही संमती कशी मिळते, ते ज्यानं कधी ठेकेदाराकडं नोकरी धरली त्याला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि कागदांचा एक गठ्ठा. जिथं पेन्सिलीनं फुली मारलेली असते तिथं सह्या करायच्या. त्याच गठ्ठ्यात एक कोरा कागद असतो, तो राजीनाम्याचा. आता त्याच्या शेजारी संमतीपत्र येईल. दोन्ही कागद राजीखुशीचेच.

दुकानदारांचं दुःख वेगळं होतं, तेही हलकं झालंय. दुकानं आणि आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात दहा माणसं झाली की नोंदणी आली. म्हणून आमच्या बाजारपेठेतल्या एका शेठजींच्या मस्टरवर कायम नऊ नोकर असत. उरलेले सात-आठ जण विचारलं की 'घरचेच' निघत. आता नोंदणी विसाव्या माणसापासून लागणार, तोवर नुसतं कळवलं की झालं. शेठजींचे सगळे भाचे-पुतणे एका रात्रीत पुन्हा नोकर झाले. नव्या प्रस्तावात दुकानातला दिवस नऊवरून दहा तासांचा झालाय, पण तो वीस आणि त्यापुढच्यांसाठी. वीस नोकरांचं दुकान अख्ख्या वर्ध्यात शोधायचं तर दिवा घेऊन फिरावं लागेल. बाकीच्यांना नऊ काय नि दहा काय, शटर पडेल तेव्हा सुटी.

इतर राज्यांचे दाखले देताना तमिळनाडूचंही नाव घेतलं गेलं. त्या राज्यानं 2023 च्या एप्रिलमध्ये बारा तासांचं विधेयक मंजूर केलं आणि 1 मे रोजी, कामगार दिनाच्या मुहूर्तावर, मागं घेतलं. दाखला अर्धाच वाचायची सवय आपल्याला शाळेपासून आहे.

आमचे कामगारमंत्री आकाश फुंडकर खामगावचे, म्हणजे कापसाच्या मुलखातलेच. त्यांनी एक कोडं सोडवून द्यावं. प्रस्तावानुसार दिवसाचं काम बारा तास. विश्रांतीची अर्ध्या तासाची सुटी पाचऐवजी सहा तासांनंतर. आणि या विश्रांतीसकट कामगाराला कारखान्यात ठेवायची मर्यादा साडेदहा तासांवरून वाढवून किती, तर बाराच तास. बारा तास काम आणि अर्धा तास जेवण हे बारा तासांत बसवायचं कसं? मी कागदावर बरीच खाडाखोड केली. शेवटी एका लेबर ठेकेदाराला विचारलं. त्याला क्षणही लागला नाही.

"त्यात काय हाय? घरून जेवूनच यायचं."