सहा पैलवान आणि एक खो

सोमवार, 24 फेब्रुवारी 2014. सकाळचे साडेसहा. अशा वेळी संसारी माणूस दूध तापवतो, पाण्याची मोटर लावतो, निदान अंघोळीला कोण आधी जाणार यावरून भांडतो तरी. मी रिमोट घेऊन सोफ्यावर बसलो होतो. अमेरिकेत मिनियापोलिसला अजून रविवारची रात्र होती आणि तिथे 'शील्ड' विरुद्ध 'वायट फॅमिली' अशी तिघा-तिघांची टॅग टीम कुस्ती व्हायची होती. ऑफिसात 'अंग जड वाटतंय' असा निरोप धाडला होता. त्यात खोटं काही नव्हतं. वजन 88 किलो होतं.

आबा पेपर घेऊन शेजारी बसले. त्यांची जवानी कोल्हापुरातल्या तालमीत गेली. खासबागेत मारलेल्या कुस्त्या ते स्वतः सांगतात. खाल्लेल्या आम्हाला आत्याकडून कळल्या.

आधी वायटवाले आले. सगळीकडे अंधार, आणि ब्रे वायट हातात कंदील घेऊन सावकाश चालतोय.

"तिकडं बी लाइट जाती व्हय?" आबा म्हणाले.

मागून एरिक रोवन, तोंडावर मेंढीचा मुखवटा. त्याच्यासोबत ल्यूक हार्पर, अंगात कळकट बनियन. आई चहा घेऊन येत होती, ती बनियन बघून दारातच थांबली. "एवढे पैसे मिळवतात, एक साबणाची वडी मिळंना?"

मग शील्ड. हे कमांडोसारखी काळी जाकिटं घालून प्रेक्षकांच्या गर्दीतून जिने उतरत यायचे. डीन अ‍ॅम्ब्रोज, सेथ रोलिन्स, रोमन रेन्स. रेन्सची छाती बघून आबांनी पेपर खाली ठेवला. तालमीतल्या माणसाचा हा सर्वोच्च आदर. आई मात्र रोलिन्सकडे बघत होती. त्याचे केस तेव्हा अर्धे काळे आणि अर्धे पिवळे असत. "ह्याचं काही खरं नाही," ती म्हणाली. "घात करणार हा." मी दुर्लक्ष केलं. आई रोज चार मालिका बघते, तिला सगळीकडे घात दिसतो.

सहाही जण नुसते समोरासमोर उभे राहिले. कुणी कुणाला हात लावलेला नाही, आणि तेवढ्यात सगळं सभागृह 'भारी आहे, भारी आहे' अशा अर्थाचा घोष करायला लागलं. आबांना हे पटलं नाही. "अजून सलामी न्हाई झाली, आन् टाळ्या?"

मग मी नियम समजावले. रिंगणात दोघंच लढायचे. बाकीचे चौघं आपापल्या कोपऱ्यात दोरीच्या बाहेर. लढणाऱ्याने हातावर टाळी दिली की बाहेरचा आत येणार.

"म्हंजे खो," आबा म्हणाले.

इतकी वर्षं मी ही कुस्ती बघतोय, हा शब्द मला सुचला नव्हता. खोच तो. फरक एवढाच की खो-खोत पाठीवर थाप बसली की माणूस सुटतो. इथे आतला पोरगा मार खातोय, सरपटत कोपऱ्याकडे निघालाय, बाहेरचा दोरीवरून ओणवा होऊन हात लांब करतोय, दोघांच्या बोटांत वीतभर अंतर, आणि नेमका तेव्हाच मागून कुणीतरी त्याचा पाय ओढतो. ती वीतभर जागा म्हणजेच टॅग टीम. दोघांच्या जोडीत खो घेणारा एकच असतो. तिघांत दोन हात लांबलेले असतात आणि समोरून पाय ओढणारेही तेवढेच. म्हणून ही कुस्ती श्वास घेऊ देत नाही. आई तर रोलिन्सवर संशय घेतलेला विसरून ओरडायला लागली, "अरे, घे ना टाळी! हात पुरतोय त्याचा!" पंच अर्थातच भलतीकडे बघत होता. पंचांचं हे कसब मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीत तेवढं दिसलंय.

शेवटी तर नियमबियम उडालेच. अ‍ॅम्ब्रोज आणि वायट मारामारी करत प्रेक्षकांत घुसले. वायट एकटाच परत आला. हार्पर आणि रोवननं रोलिन्सला नरड्याला धरून उचललं आणि समालोचकांच्या टेबलावर असं आपटलं की टेबल मोडलं. रेन्स एकटा उरला. खो द्यायला मागे कुणीच नाही.

"ही नुरा कुस्ती हाय," आबा हळूच म्हणाले. मी म्हटलं, माहिती आहे, निकाल आधीच ठरलेला असतो. "माझं ऐक. नुऱ्यात पाडणाऱ्याला काय लागत न्हाई. पडणाऱ्याला अंग लागतं. बघ, ह्यो कसा पडतोय." पुढे त्यांनी दहाएक मिनिटं पडण्याचं शास्त्र सांगितलं, मान कशी चोरायची, पाठ कुठं टेकवायची. पडण्याबद्दल ते इतके जाणकार कसे, हे मी विचारलं नाही. आत्यानं सांगितलेलं पुरेसं होतं.

वायटनं रेन्सला नाचातल्या जोडीदारासारखं मागे वाकवलं, कपाळाचा मुका घेतला आणि गर्रकन फिरवून तोंडावर आपटलं. एक, दोन, तीन. आईनं मुका घेतलेला बघितला आणि पोहे करायला आत गेली.

ह्याच कुस्तीचा 'रॉ' नावाचा कार्यक्रम असतो. त्याचा 2 जूनचा भाग आमच्याकडे मंगळवारी सकाळी दिसला. त्यात सेथ रोलिन्सनं लोखंडी खुर्ची उचलली आणि स्वतःच्याच साथीदाराच्या, रोमन रेन्सच्या पाठीत घातली. शील्ड फुटली. मी ओरडत स्वयंपाकघरात गेलो. आई गवार मोडत होती.

"केस बघूनच सांगितलं होतं," ती म्हणाली.

तेव्हापासून धाकट्या बहिणीसाठी स्थळाचा फोटो आला, की आमच्या घरात शिक्षण आणि पगार नंतर बघतात.