घरी राहिलेला धाकटा

नवरा : सापडला! अगं, सापडला!

बायको : चष्मा ना? फ्रिजवर होता.

नवरा : चष्मा नव्हे, पूर्वज! 14 जानेवारी 1761. पानिपतावर पडलेला.

बायको : अजून एक?

नवरा : अजून एक म्हणजे?

बायको : खालच्या मजल्यावरच्या काकांचे पडले. भिशीतल्या दोघींचे पडले. आपल्या विहीणबाईंच्या घराण्यातले तर दोन पडले. एकट्या आपल्या सोसायटीतून एवढी माणसं गेली होती, तर आपण हरलो कसे, तेवढं सांगा.

नवरा : कर थट्टा. मी रीतसर शोध घेतोय. इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसतो. पेशवे दफ्तरातले निवडक कागद सरदेसायांनी 45 खंडांत छापलेत, 1930 ते 1934 मध्ये. ते काय भिशीतल्या गप्पा आहेत?

बायको : पंचेचाळीसही वाचलेत?

नवरा : सूची चाळली. त्यात आपलं आडनाव आहे.

बायको : आणि गाव?

नवरा : गाव वेगळं आहे. पण माणसं गाव बदलतात.

बायको : नाव?

नवरा : नावही जरासं वेगळं आहे. पण मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे लिहीत नाहीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं तिला टांगत जायची. छापताना इकडचं तिकडे झालं असेल.

बायको : सरदेसाई चुकले आणि तुम्ही मोडीच्या वर्गाला बसून बरोबर आलात. बरं, वय काय होतं यांचं?

नवरा : विशीतला असावा. कोवळं पोर.

बायको : लग्न?

नवरा : झालेलं दिसत नाही.

बायको : मग तुम्ही कुठून आलात?

नवरा : (थांबून) त्याला धाकटा भाऊ असणार.

बायको : तो कुठे होता तेव्हा?

नवरा : घरी.

बायको : म्हणजे आपण त्या घरी राहिलेल्या धाकट्याचे. सगळी सोसायटीच धाकट्यांची! थोरले गेले लढायला, धाकटे राहिले भात खात. त्या भात खाणाऱ्याचं नाव सापडलं का कुठे?

नवरा : त्र्यंबकेश्वराला उपाध्यांच्या वहीत आहे की. गाव-आडनाव सांगितलं की पिढ्यांच्या पिढ्या काढून दाखवतात. हे बघ, विष्णू हरी, त्याचा हरी विष्णू, त्याचा विष्णू हरी, त्याचा पुन्हा हरी विष्णू...

बायको : नातवाला आजोबांचं नाव! माणसं आठ आणि नावं दोन. यातला लढणारा हरी कुठला आणि भात खाणारा हरी कुठला?

नवरा : तेच लावतोय. त्यासाठी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या बघायच्यात. त्यांचे फोटो अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी काढून ठेवलेत. फॅमिलीसर्चवर घरबसल्या फुकट दिसतात. त्यांच्या जुन्या फिल्मी यूटामध्ये ग्रॅनाइटचा डोंगर कोरून आत ठेवल्यात.

बायको : आजोबा गेले गंगेला आणि निघाले यूटात. अहो, भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेकरूही होतेच ना?

नवरा : होते तर. हजारोंनी.

बायको : मग तुमचा हरी गंगाजळाचा गडू घेऊनच निघाला नसेल कशावरून? तुम्ही त्याच्या हातात भाला दिलात. (टेबलावरचा तक्ता सरळ करत) यात मी कुठे आहे?

नवरा : ही काय. सौ.

बायको : नुसती सौ.?

नवरा : रकाना लहान आहे.

बायको : आणि तुमच्या आत्या?

नवरा : त्या लग्न होऊन गेल्या. त्या सासरच्या कुलवृत्तांतात असतील.

बायको : बघितलंत तिथे?

नवरा : बघितलं. तिथे त्यांना सौ. केलंय.

बायको : पानिपताहून पार्वतीबाई जिवंत परत आल्या, भाऊसाहेब नाही आले. पडलेल्याचा तेवढा शोध लावायचा आणि परत आलेलीला रकाना लहान.

नवरा : अगं, जुन्या कागदांत बायकांची नावं मिळतच नाहीत! मी काय करू?

बायको : मिळतात की. तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल आणली होतीत ना? थांबा, याच फायलीत आहे. हे घ्या. ‘हक्कसोड पत्राने नावे कमी केली.’ सगळ्या आत्या आहेत ओळीने, वयासकट, सासरच्या गावासकट. वंशावळीत घालायला सापडत नाहीत, कमी करायला बऱ्या सापडल्या.

नवरा : त्यांनी राजीखुशीने सोडलं.

बायको : राजीखुशी दस्तात टाइप करूनच येते. आणि वन्संनी?

नवरा : ताईचं इथे काय?

बायको : 2005 मध्ये कायदा बदलला, मुलीलाही जन्मापासून हिस्सा आला. त्यानंतरची सही आहे त्यांची. त्या दिवशी तुम्ही साडी नेसवलीत त्यांना. मीच आणली होती.

नवरा : मी घराण्याचा इतिहास लिहितोय आणि तू वाटण्या काढतेस. तो विषय वेगळा.

बायको : कागद तर त्याच फायलीतला आहे. मीही केलीय सही, माझ्या भावाला. तिथल्या वंशावळीतही मी नाही. दोन घराण्यांच्या कागदांत मिळून माझी तेवढी एक सही आहे, नाव कमी करा म्हणून.

नवरा : आवाज चढवू नकोस.

बायको : चढवलेला नाही. तुम्हाला ऐकू आला, इतकंच.

नवरा : बरं. ताईला फोन करतो. आत्यांची जन्मसालं तिला पाठ आहेत. घालतो त्यांनाही तक्त्यात. झालं?

बायको : करा ना. आणि फोन चालू आहे तोवर सातबाराचंही विचारून घ्या.

नवरा : आत्ता नको. जेवत असेल ती.

बायको : साडेचार वाजलेत.