सगळे आंबे टेबलं आहेत

सरकारी बँकांच्या क्लार्क-पीओ भरतीची परीक्षा घेणारी आयबीपीएस आमच्या बोरिवलीपासून एका स्टेशनावर, कांदिवलीच्या ठाकूर कॉम्प्लेक्समध्ये आहे. 1975 साली ती पर्सोनेल सिलेक्शन सर्व्हिसेस या नावाने सुरू झाली, 1984 साली स्वतंत्र झाली, आणि 2011 पासून बँकांसाठी सामायिक परीक्षा घेऊ लागली. हे सगळं मला तोंडपाठ आहे. नेमकं हेच परीक्षेत विचारत नाहीत.

प्रिलिमला शंभर प्रश्न, साठ मिनिटं. इंग्रजी, गणित, रीझनिंग. प्रत्येकाला वीस मिनिटं. चुकलात की पाव मार्क कट. मी आर. एस. अगरवालांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि आगगाडीच्या गणितांपासून सुरुवात केली. जन्म लोकलमध्ये गेलेला, तिथे आपला हात कोण धरणार? ताशी 72 किलोमीटर वेगाची, 180 मीटर लांब गाडी 220 मीटरचा फलाट किती वेळात ओलांडेल? उत्तर आहे वीस सेकंद. मला पाऊण तास लागला. एवढ्याशा फलाटावर बारा डब्यांची लोकल लागणार कशी, मागच्या डब्यातल्यांनी रुळांवर उड्या मारायच्या का, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

सिलॉजिझमसाठी मी आईला समोर बसवलं. ती मेथी निवडत होती.

"सगळे आंबे टेबलं आहेत. काही टेबलं खुर्च्या आहेत. तर काही आंबे खुर्च्या आहेत का?"

"कोण म्हणतं?"

"पुस्तक म्हणतं. तसं धरून चालायचं."

"कितीला आणलंस हे पुस्तक?"

मग मी नात्यांवर आलो. फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून एक गृहस्थ म्हणतो, हिच्या आईची एकुलती एक मुलगी म्हणजे माझी आई. मी कागदावर वंशावळ काढायला घेतली. आईने मान वर न करता सांगितलं, "त्याची आईच ना ती? सरळ आई म्हणायला काय झालं मेल्याला!"

सीटिंग अरेंजमेंटचा सराव मात्र मी सकाळच्या लोकलमध्येच करायचो. तिघांच्या बाकावर चौथा अर्ध्या मांडीवर टेकलेला, तो मी. खिडकीतला ए अंधेरीला उतरणार, त्याच्या शेजारचा बी दादरला, सी झोपलेला म्हणजे चर्चगेट. आकृती इतकी सुबक जमली की अंधेरीला ए उठला तेव्हा मी तिच्याकडेच कौतुकाने बघत राहिलो, आणि पुस्तकात कुठेच नसलेला एक पाचवा त्या जागेवर येऊन बसला.

परीक्षेचं सेंटर घाटकोपरला आलं. अंधेरीहून मेट्रोने वेळेत पोचलो. इंग्रजी बरं गेलं. गणितात नळ आणि टाकी आली. दिवसभर पाणी येणारी सोसायटी बघून हेवा वाटला आणि त्यात चार मिनिटं गेली. मग रीझनिंग. आठ मित्र, गोल टेबल, तोंडं आत. सात जणांना मी मानाने बसवलं. जी कुठेच बसेना. डीला उठवलं तर एफ रुसतो, एफला हलवलं तर एच आणि बी एकाच खुर्चीत. बाकीचे प्रश्न वाट बघत राहिले, आणि वीस मिनिटं संपताच स्क्रीन आपणहून मिटला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कसा गेला पेपर?"

"एक जण उभाच राहिला गं."

"अरे, मग जरा सरकून घ्या म्हणायचं ना त्यांना!"