कटऑफकाका

बडोद्याच्या मांडवीखाली उभं राहिलं की चार रस्ते चार दरवाजांकडे जाताना दिसतात: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. जुन्या शहराची ही आखणी गायकवाडांच्याही आधीची, सुलतानी अमलातली. कटऑफकाकांच्या मते मात्र ती मेडिकलच्या पदव्युत्तर प्रवेशाची आकृती आहे.

"बघ दीकरा," काका खिडकीतून हात करून सांगतात, "हा ऑल इंडिया कोटा, हा राज्याचा, हा डीम्ड आणि तो डीएनबी. सगळे नीट पीजीतून. एम्सवाल्यांची आयएनआयसीईटी वेगळी. तो लक्ष्मीविलास पॅलेस. बाहेरून बघून यायचा."

काकांचं पाळण्यातलं नाव आता कोणाला आठवत नाही. घडियाळी पोळच्या तोंडाशी पहिल्या मजल्यावर घर, वीज मंडळाच्या बिलिंग खात्यातून निवृत्ती, शिक्षण एम. एस. युनिव्हर्सिटीचं बी.कॉम. रक्त तपासायला कोणी आलं तर काका भिंतीकडे तोंड करून बसतात. तरीही बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांतली डॉक्टर पोरं नीटचा निकाल लागला की आधी विठ्ठलमंदिरात जातात आणि मग काकांकडे. काही सरळ काकांकडेच येतात.

सुरुवात घरातूनच झाली. काकांच्या मुलीला, म्हणजे ताईला, भूलशास्त्रात एम.डी. करायचं होतं. काकांनी तेव्हा वीजबिलांच्या सवयीनं तक्ते आखले: कॉलेज, कोटा, फेरी, शेवटचा रँक. ताई तीन वर्षांत एम.डी. होऊन बाहेर पडली. काका प्रवेशप्रक्रियेतच राहिले. आज त्यांच्याकडे मागच्या अनेक वर्षांचे आकडे आहेत आणि ते तोंडपाठ आहेत. राजकोटचं ॲनेस्थेशिया अमुक साली दुसऱ्या फेरीत कुठं थांबलं हे ते जेवताना, पानावरचा हात न थांबवता सांगतात. काकूंचा वाढदिवस मात्र त्यांना काकूच सांगतात.

परवा एक मुलगी आईला घेऊन आली. काकांनी नाव विचारलं नाही.

"रँक?"

तिनं सांगितला. काकांनी डोळे मिटले.

"कॅटेगरी?"

"ओपन."

काकांनी मिटलेले डोळे आणखी मिटले. "रेडिओ नाही. स्किन नाही. मेडिसिनला ओढाताण. ॲनेस्थेशिया घेऊन टाक."

"मला तेच हवंय, काका."

डोळे उघडले. नाइलाजानं भूलशास्त्राकडे वळणारी मुलं काकांच्या सवयीची होती. त्यांची समजूत घालायचं भाषणही तयार होतं: १६ ऑक्टोबर १८४६ला बोस्टनमध्ये मॉर्टननं ईथर देऊन दाखवलं, सहा महिन्यांच्या आत ते कलकत्त्याला पोचलं, आणि तेव्हापासून आजवर भूल देणारा एकही माणूस बेकार बसलेला नाही. हे भाषण न करता पुढं कसं जायचं, हे काकांना सुचेना.

"तेच हवंय? घरी कोणी काही बोललं का?"

"इंटर्नशिपला आवडलं, काका."

आईला धीर निघेना. "काका, तुम्ही तरी सांगा हिला. भूल देणाऱ्या डॉक्टरचं पेशंटला नावसुद्धा माहीत नसतं हो!"

"तेच तर उत्तम," काका म्हणाले. "नाव माहीत नसलं तर घरी भांडायला कोण येणार?"

मग तक्ता उघडला. काकांच्या तक्त्यात कॉलेजं ज्या क्रमानं लागतात तो क्रम वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पहिलं बडोदा मेडिकल. कारण ते १९४९चं, सयाजी हॉस्पिटलला लागून, आणि मांडवीतून निघालेला डबा तिथं गरम पोचतो. (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट तो डबा कधी उघडतो हा प्रश्न काकांना पडलेला नाही.) मग गोत्री, ते २०११चं, म्हणजे काकांच्या मते अजून ओलं सिमेंट, पण डबा पोचतो. करमसद, कारण सरदारांचं गाव, तिथं कोणी वेडंवाकडं वागणार नाही. अहमदाबादचं बी.जे. मोठं, पण आत गेलेलं माणूस दिवाळीलाच दिसतं. सुरतेला जेवण चांगलं. जामनगर लांब, भावनगरला गाडी सोयीची नाही. मुंबईचं केईएम १९२६चं, नावाजलेलं, आणि तिथं मराठी चालतं. पण मुंबईला गेलेली मुलगी बडोद्याला परत येत नाही, असं म्हणून काका पेनानं टोकून एक ठिपका देतात आणि आईकडे बघतात. आईनं मान हलवली की केईएम खाली सरकतं.

इथं मला काकांचा तो सिद्धान्त सांगितलाच पाहिजे, ज्यानं मांडवीतल्या बऱ्याच पोरांचं नुकसान झालेलं असणार. काका म्हणतात, यादीत हावरटपणा करायचा नाही. जे मिळणार नाही ते वर टाकलं की संगणक चिडतो आणि मिळणारं पण हातचं जातं. वास्तविक संगणकाला चिडायचं काही कारण नाही. तो रँकप्रमाणे एकेकाला घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा मोकळी दिसेल ती देतो. वर अशक्य कॉलेजं टाकली तरी खालचं कुठं पळून जात नाही. यादी आपल्या आवडीच्या क्रमानं भरायची, अंदाजाच्या नाही. एवढंच त्यातलं शास्त्र. मी हे काकांना एकदा समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, लीलो चिवडा पुढं केला आणि म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण उगाच जोखीम कशाला?"

यादी आपोआप लॉक होते यावरही त्यांचा विश्वास नाही. मुदत संपली की यंत्रणा ती स्वतःच बंद करते, तरी काका शेवटच्या रात्री पोराला समोर बसवून स्वतःच्या डोळ्यांदेखत लॉक करायला लावतात, छापील प्रत काढायला लावतात आणि तिची झेरॉक्स आपल्याकडे ठेवतात. ऑल इंडियाची पंचवीस हजारांची अनामत आणि डीम्डची दोन लाखांची, या दोन्ही रकमा ते अशा हळव्या आवाजात उच्चारतात की जणू त्यांच्याच पेन्शनमधून जाणार आहेत.

काकांच्या आयुष्यात दोन मोठे धक्के. पहिला सप्टेंबर २०२३चा. रिकाम्या जागा भरायच्या म्हणून नीट पीजीचं पात्रता पर्सेंटाइल थेट शून्यावर आणलं गेलं. परीक्षेला बसला तो पात्र. त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत. "शून्याला काय कटऑफ म्हणायचं?" एवढंच म्हणत राहिले. दुसरा २९ जानेवारी २०२५चा. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पदव्युत्तर मेडिकलच्या राज्य कोट्यात रहिवासावरून आरक्षण चालणार नाही. त्याच संस्थांतून एम.बी.बी.एस. केलेल्यांना मर्यादेत प्राधान्य दिलं तर चालेल. काकांचे खापरपणजोबा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, दमाजीरावांच्या पागेत होते. इतक्या जुन्या रहिवासाला काही किंमतच उरली नाही याचं त्यांना वाईट वाटलं. कोणाला अर्ज करायचा नव्हता, तरी डोमिसाइलची फाइल त्यांनी अजून माळ्यावर टाकलेली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती. काकांच्या बैठकीत सगळ्यांना हळू बोलावं लागतं. मधूनमधून काका ओठांवर बोट ठेवतात. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असतं.

"ताई झोपलीये. रात्री दोन सिझेरियन आणि एक अपेंडिक्स."

म्हणजे अख्ख्या घरात भूलशास्त्राबद्दल ज्या एका माणसाला काही ठाऊक आहे ते दाराच्या पलीकडे झोपलेलं, आणि अलीकडे बी.कॉम. झालेले गृहस्थ त्याच विषयावर कुजबुजत्या आवाजात मार्गदर्शन करताहेत. तिला उठवावं असं आजवर कोणाला वाटलेलं नाही. काकांना तर नाहीच.

त्या दिवशी ती आपणहून उठली. चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि सवयीनं मुलीच्या आईकडे निरखून बघायला लागली. ताई समोरच्या माणसाची मान किती आखूड, जबडा किती उघडेल, हेच आधी बघते. मल्लमपाटींनी १९८५मध्ये तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावण्याची जी चाचणी सांगितली, ती ही लग्नाच्या पंगतीतसुद्धा मनातल्या मनात उरकते.

"ताई, कुठलं कॉलेज वर टाकू?" मुलीनं विचारलं.

"तू गेलीस का एकाही ठिकाणी?"

"वेबसाइट बघितली."

"वेबसाइटवर नवीन मशीनचे फोटो असतात. रात्री जा. सेकंड इयरवाल्या कोणालातरी चहा पाज. पहिल्या वर्षात स्वतःच्या हातानं किती स्पायनल आणि किती ट्यूबा टाकल्या ते विचार. मध्यरात्री ट्यूब जात नसेल तर सीनियर ओटीत असतो की फोनवर, ते विचार. लहान मुलांच्या आणि हार्टच्या केसेस येतात का, आणि आल्या तर तुला डोक्याशी उभं राहू देतात की ड्रिपच्या बाटल्या मोजायला लावतात? आयसीयू किती महिने? सोनोग्राफी लावून नर्व्ह ब्लॉक शिकवतं का कोणी?"

"तीन महिने जिल्हा रुग्णालयात पण पाठवतात म्हणे," आई म्हणाली. "छोटाउदेपूरला वगैरे."

"पाठवू देत, काकू. तिथं औषधं मोजकी असतात, डोकं चालवावं लागतं."

काका अस्वस्थ झाले. "हे सगळं तक्त्यात कुठल्या रकान्यात घालायचं?"

"नाही घालता येणार, बाबा."

"मग त्याचा उपयोग काय?"

ताई हसली, स्कूटरच्या डिकीत बॅग टाकली आणि निघाली. कारेलीबागेतल्या एका नर्सिंग होममध्ये पाचची केस होती. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत कोणी बोललं नाही. मग आईनं खुर्ची पुढं ओढली.

"काका, पण सुरत वर की राजकोट?"

काकांचा चेहरा पूर्ववत झाला. "सुरत. जेवण चांगलं."

मुलगी मात्र काही न बोलता ताईचा नंबर लिहून घेत होती. तिला जागा चांगली मिळेल असं मला वाटतं, आणि ती मिळाल्यावर श्रेय तक्त्याला जाणार हेही नक्की.

काकांवर रागावण्यात अर्थ नाही. ते पैसे घेत नाहीत, चिवडा देतात, निकालाच्या रात्री पोराइतकेच जागतात, आणि कटऑफचा आकडा त्यांनी सांगितला तर तो तपासायची गरज नसते. तुमच्या घरी कोणी भूलशास्त्राची यादी भरत असेल तर त्यांच्याकडे जरूर पाठवा. फक्त दुपारी चारला पाठवा. ताई तेव्हा चहाला उठलेली असते, पाचच्या केसला अजून निघालेली नसते.