सिल्वाशाचे सरनौबत

स्वखर्चाने ऐतिहासिक युद्धपट काढू इच्छिणारा गृहस्थ ओळखायला मुळीच अवघड नाही. लग्नाच्या वरातीत सारी मंडळी नवरदेवाकडे पाहत असता हा एकटा नवरदेवाच्या हातातील तलवारीकडे पाहत असतो, आणि "मूठ मुल्हेरी म्हणून गळ्यात मारली आहे, पण वाटीचा घाट पार चुकला," असा निर्वाळा मुलीच्या बापाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात देऊन मग पंगतीला बसतो. चित्रपटगृहात शेजारी प्रेक्षक नायकाच्या मरणाने व्याकूळ झाले असताना याचे दुःख निराळेच असते. मरणाऱ्या नायकाच्या अंगरख्याची शिवण यंत्रावर घातलेली आहे, हे त्याच्या तीक्ष्ण दृष्टीला दिसलेले असते, आणि अशा शिवणीच्या अंगरख्यात आलेले मरण त्याच्या लेखी ग्राह्यच नसते.

पुण्या-कोल्हापुराकडे या जातीच्या माणसांना तोटा नाही, आणि तिकडे त्यांच्या हौसेला पुरून उरतील इतके किल्लेही आहेत. सिल्वाशाला मात्र अशा माणसाची फार कुचंबणा होते. शेजारच्या दमणला किल्ला आहे, वसईला तर त्याहून नामांकित आहे. सिल्वाशाच्या वाट्याला आली ती दमणगंगा, पोर्तुगीज अमदानीतले एक चर्च, आणि अलीकडच्या काळात सुताचे व प्लास्टिकचे अगणित कारखाने. यांपैकीच एका कारखान्यात माल-रवानगीचे खाते सांभाळणारे आमचे हे गृहस्थ गृहनिर्माण संस्थेत 'सरनौबत' या नावाने प्रसिद्ध आहेत. ही पदवी त्यांना कोणी दिली याची नोंद कोठल्याही दफ्तरात नाही. परंतु पाणीपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीत आपले नाव या पदवीवाचून छापले गेल्याबद्दल त्यांनी सचिवांकडे लेखी तक्रार केली होती. थकबाकीबद्दल त्यांचे काही म्हणणे नव्हते.

सरनौबतांचा खरा दावा इतिहासाविरुद्ध आहे, आणि तो अगदीच बिनबुडाचा म्हणता येणार नाही. ज्या भूमीत पोटापाण्यासाठी येऊन राहिलो त्या भूमीचाच एक युद्धपट काढावा, असा संकल्प करून त्यांनी कागदपत्रे धुंडाळायला आरंभ केला, तो त्यांना आढळले की ही भूमी हातची गेली तीसुद्धा लढाईवाचून. पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे लढाऊ जहाज 1772 साली मराठी आरमाराच्या हाती सापडले. त्याच्या नुकसानभरपाईची घासाघीस वर्षानुवर्षे चालून डिसेंबर 1779 च्या तहात बारा हजार रुपये वसुलाची गावे तोडून देण्याचे ठरले, आणि 1783 च्या जून महिन्यात नगर हवेली पोर्तुगीजांच्या कब्जात गेली. दादरा तर त्यांनी दोन वर्षांनी चक्क विकत घेतला. एवढ्या साऱ्या प्रकरणात एकही घोडा उधळला नाही, एकही बुरूज ढासळला नाही. होते ते अर्ज, सनदा, तनखे आणि तगादे. 'जहाज पकडण्याचा प्रसंग घ्या की,' असे कोणीतरी सुचवले. पण सरनौबतांचे छायाचित्रणाचे साहित्य म्हणजे भाच्याचा मोबाईल, आणि आरमार म्हणजे दुधनीच्या जलाशयातली सहलीची नाव. तिच्यावर केशरी छत होते व छतावर गुटख्याची जाहिरात होती.

म्हणून ते 1954 सालाकडे, म्हणजे या भूमीच्या मुक्तिसंग्रामाकडे, वळले. येथे तरी त्यांना लढाई भरपूर मिळेल अशी आशा होती, आणि पात्रांची यादी पाहिली तर ती आशा वावगी नव्हती. कारण सिल्वाशावर चालून गेलेल्या त्या विलक्षण तुकडीत संगीतकार सुधीर फडके होते, सोळा भाषांचा 'भारतीय व्यवहार कोश' पुढे सिद्ध करणारे विश्वनाथ नरवणे होते, आणि आपल्या वाणीने साऱ्या महाराष्ट्राला शिवकाळात नेऊन बसवणारे बाबासाहेब पुरंदरे होते. एका साम्राज्याचे ठाणे घेण्यासाठी गायक, कोशकार आणि इतिहासकथनकार मिळून निघावेत, हे मराठी माणसालाच सुचावे. राजा वाकणकरांसारखे संघटक पुढे होते. मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकर गायल्या होत्या. एवढी तयारी पाहून सरनौबतांनी हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर 'घनघोर रणसंग्राम' असे ठसठशीत लिहिले, आणि मग ते पुढचा वृत्तांत वाचू लागले.

पुढचा वृत्तांत त्यांना मानवला नाही. 21 जुलैच्या रात्री दादऱ्याच्या ठाण्यावर युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या माणसांनी हल्ला केला, त्यात फौजदार अनिसेतो दो रोझारियो मारला गेला; 28 जुलैला नरोली घेतली; आणि 2 ऑगस्टला ज्या सिल्वाशावर सारी भिस्त तेथे स्वयंसेवक पोचले, तेव्हा कारभारी कॅप्टन फिदाल्गो आपले बहुतेक शिपाई घेऊन खानवेलच्या बाजूला निघून गेला होता. ठाण्यात उरलेल्या मूठभर शिपायांनी प्रतिकार तो काय केला असेल, तो केला नाही म्हटले तरी चालेल. झेंडा चढला. पुढे 11 ऑगस्टला हे फिदाल्गोसाहेब उधव्याला भारतीय राखीव पोलिसांच्या स्वाधीन झाले. ज्या शौर्याने ती पोरे ऐन पावसाळ्यात, भरलेल्या नद्यांतून, तुटपुंज्या शस्त्रांनिशी निघाली, ते शौर्य समोर बंदूक रोखलेली नसल्यामुळे तसूभर कमी होत नाही, हे तुम्हा-आम्हाला समजते. सरनौबतांनाही समजत होते. परंतु त्यांनी कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या पथकाला आगाऊ रक्कम पाठवून दिली होती.

येथे या पथकाविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. दरवर्षी शिवराज्याभिषेकाला रायगडावर जाणारी, अंगरखा-मंदील-शेला अशा सरंजामाने नटणारी, दांडपट्टा फिरवून जमिनीवरचे लिंबू कापणारी ही मंडळी आपल्या विद्येत निष्णात असतात. त्यांच्यापाशी पट्टा असतो, विटा असतो, माडू असतो, आणि वस्तादांच्या खास मालकीची, पोर्तुगीजांसारख्या फिरंग्यांकडून आलेल्या पात्याच्या नमुन्यावर घडवलेली फिरंगही असते. नसते ती फक्त 1954 सालची बंदूक. सरनौबतांनी फार नम्रतेने विचारले, "वस्ताद, यात खाकी चड्डी आणि सदरा घालावा लागेल, पट्टा जरा बाजूला ठेवता येईल का?" त्यावर वस्तादांनी मिशीवर हात फिरवून उत्तर दिले, "साहेब, पट्टा बाजूला ठेवायचा तर आम्हाला कशापायी बोलवलं? पोरं तुमच्या गावात बी गावतील की."

तडजोड अशी निघाली की पटकथेत एक स्वप्न घालावे. नदीकाठी पावसात कुडकुडत बसलेल्या स्वयंसेवकाला डुलकी लागते, डुलकीत चिमाजीअप्पांची 1739 ची वसई दिसते, आणि तेथे पथकाने पोटभर पट्टा फिरवावा. अकरा मिनिटांच्या बोलपटात या डुलकीने सात मिनिटे घेतली.

पोर्तुगीज मिळणे हे त्याहून जिकिरीचे काम होते. संस्थेतला प्रत्येक जण स्वातंत्र्यसैनिक व्हायला एका पायावर तयार. वापीहून येणाऱ्या हौशी नटांची तर शनिवारच्या संध्याकाळी रीघ लागे, कारण गुजरातेत दारूबंदी आहे आणि सिल्वाशात नाही, व देशभक्तीच्या निमित्ताने हद्द ओलांडलेल्या इसमाला घरी कोणी जाब विचारत नाही. पण शरण जाणारा फिदाल्गो व्हायला कोणी पुढे येईना. अखेर वहिनींच्या धाकट्या भावाला, म्हणजे सरनौबतांच्या मेहुण्याला, त्याच्या घाऱ्या डोळ्यांच्या आधारावर पोर्तुगीज ठरवण्यात आले. मेहुण्याने अट घातली ती एवढीच की आपली सासरची माणसे हा बोलपट पाहणार असल्यामुळे आपण हात वर करणार नाही. फार तर जरा विचारात पडल्यासारखे दाखवू.

मग परवान्याचे प्रकरण निघाले. मामलेदार कचेरीत अर्ज गेला, तो पोलिसांच्या अभिप्रायासाठी रवाना झाला, आणि 'प्लास्टिकच्या नळ्यांच्या नकली बंदुका, नग बारा' या नोंदीपाशी अडकून पडला. त्या नळ्या गावच्याच एका कारखान्यातल्या नाकारलेल्या मालातल्या होत्या व त्यांना काळा रंग देऊन वर सुताराकडून लाकडी दस्ते बसवले होते. तपासणीला आलेल्या अंमलदाराने त्यांतली एक उचलून, तिच्यातून पलीकडचे पाहून, ती शांतपणे खाली ठेवली व शेऱ्यात 'धोका नाही' असे लिहिले. सरनौबतांच्या आयुष्यातला हा सर्वांत अपमानास्पद शेरा होय. इकडे पुढाऱ्यांनाही वास लागला. मुक्तिसंग्रामात आझाद गोमंतक दल होते, संघ होता, वारली शेतकऱ्यांत काम करणारे कम्युनिस्टही होते. त्यामुळे झेंडा नेमका कोणाच्या हातून चढताना दाखवणार, याची विचारपूस करायला जो तो येऊ लागला, आणि कोणी वर्गणी देऊ केली तर कोणी ती न देण्याची धमकी दिली. सरनौबतांनी युक्ती काढली. झेंडा चढताना हात दिसणारच नाहीत, नुसती दोरी दिसेल.

चित्रण मूळ तिथीला, म्हणजे ऑगस्टातच व्हावे हा त्यांचा हट्ट. आणि ज्या पावसात इतिहास बेधडक घडला त्याच पावसात त्याची नक्कल मात्र होऊ शकली नाही, कारण भाच्याचा मोबाईल ओला झाला. म्हणून जानेवारीच्या कोरड्या रात्री एका बंद गोदामासमोर अग्निशामक नळीने श्रावण पाडण्यात आला. गोदामाला ठाण्याचे रूप दिले होते. पाटीवर 'पोलीस' हा शब्द पोर्तुगीज भाषेत रंगवून घेतला होता, आणि रंगाऱ्याने स्वराघाताची तिरपी रेघ भलत्याच अक्षरावर ओढल्याचे ध्यानात येताच सरनौबतांनी सारी फौज थंडीत उभी ठेवून, शिडी मागवून, स्वतः वर चढून, मोबाईलच्या उजेडात ती रेघ खरवडून योग्य अक्षरावर आणली. खाली पाण्याने निथळणारे स्वातंत्र्यसैनिक दात वाजवत होते. त्यांच्या मनगटांवरची घड्याळे, एकाच्या दंडावरचा क्रिकेटपटूचा गोंदवलेला चेहरा, आणि ठाण्याच्या उजव्या अंगाचा कवटीचे चित्र असलेले विजेचे रोहित्र, यांकडे पाहायला कोणालाच सवड झाली नाही. पुढे चित्रफितीत पाटी अंधारात बुडाली. रोहित्र स्वच्छ आले.

झटापटीत काही पोर्तुगीजांनी पडावे असे ठरले होते. इतिहासाला ते मान्य नव्हते, पण आगाऊ रकमेला होते. तथापि हौशी सैनिकाला मरणाचा अनुभव फार वेळ घेता येत नाही. जमिनीवर मुंग्या असतात. शिवाय आपण कसे पडलो हे पाहण्याची उत्कंठा अनिवार असते, त्यामुळे 'कट' म्हणायच्या आतच मृतांपैकी दोघे उठून मोबाईलवर डोकावू लागले, आणि तिसरा पडल्या जागेवरूनच "माझं आलं का?" असे विचारू लागला. एवढ्यात बाजूच्या वस्तीतली एक वारली म्हातारी काठी टेकत आली. हा सारा जथा, ते पाणी, त्या नळ्या, तो पट्टा यांचे तिने बराच वेळ निरीक्षण केले, आणि एवढे पाणी येथे कोणाच्या हुकुमाने सांडता, आमच्या नळाला चार दिवस थेंब नाही, असे सरळ फिदाल्गोलाच विचारले. कारण जमलेल्यांत अधिकारी दिसणारा तो एकटाच होता. मेहुण्याने या प्रश्नापुढे दोन्ही हात वर केले. भाच्याने तेवढे नेमके टिपले, आणि बोलपटातील शरणागतीचा प्रसंग म्हणून तेच चित्र आज लोक वाखाणतात. मला स्वतःला त्या अकरा मिनिटांत तेवढेच खरे वाटले.

2 ऑगस्टच्या मुक्तिदिनाला संस्थेच्या सभागृहात चादरीवर खेळ झाला. टाळ्या पडल्या, वसईच्या डुलकीला दुसऱ्यांदा लावण्याची फर्माईश झाली. त्या यशाने सरनौबत स्वस्थ बसले असते तर ते सरनौबत कसले! पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वाटेच्या हक्कासाठी फिर्याद लावली. तेथे भारताच्या बाजूने सेटलवाड उभे राहिले, न्यायासनावर छगला बसले, पेशव्यांनी दिले ते सार्वभौमत्व की नुसता सरंजाम यावर जुन्या मराठी कागदांचा कीस पडला, आणि 12 एप्रिल 1960 च्या निकालात सरंजामाचे म्हणणे न्यायालयाने मान्य करून लष्कर नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाकारला, हे सारे प्रकरण त्यांनी आता पटकथेसाठी काढले आहे. मेहुणाही खूश आहे. 1961 साली विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यापुरते एक दिवसाचे पंतप्रधान झालेले सनदी अधिकारी बदलानी यांची भूमिका त्याला देऊ केली असून, तीत शरण जावे लागत नाही याची त्याने खातरजमा करून घेतली आहे. न्यायाधीशांच्या काळ्या झग्यांचे माप कोल्हापूरला रवाना झाले. उलट टपाली वस्तादांचा फोन आला:

"झगा चांगला घेरदार शिवा, साहेब. आत पट्टा बसला पायजे."