कॉलेज हवंय, पण जायला नको

दहावीला ९६ टक्के मिळवलेली आणि वर बोलकी असलेली मुलगी घरात असणं ही सध्या काळजीची बाब समजली जाते. नुसते ९६ टक्के असते तर कुणी दचकलं नसतं. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ मुलांना शंभरपैकी शंभर टक्के पडले, त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. चित्रकलेचे, लोककलेचे, खेळाचे वाढीव गुण धरून का होईना, पण शंभर. त्यामुळे ९६ म्हणजे हल्ली 'बरे मिळाले' एवढंच. नुसती बोलकी असती तरी भागलं असतं. आर्ट्सला घालून नातेवाइकांनी चार दिवस हळहळ व्यक्त केली असती आणि विषय संपला असता. पण हुशार आहे आणि शिवाय माणसांत रमते म्हटलं की पालकांचे हातपाय गळतात.

माझ्या भाचीचं तेच झालं. या मुलीला रिक्षावाल्याच्या गावाचं नाव ठाऊक असतं, गॅसवाल्याच्या मुलाची परीक्षा कधी आहे हे ठाऊक असतं. शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन तिचं, नाटकात आयत्या वेळी आजारी पडलेल्या मुलीची भूमिकाही तिचीच. निकालाच्या संध्याकाळी मेव्हण्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "मुलगी हुशार आहे हो, पण फार बोलते. हिच्यासाठी एखादं कॉलेज सुचवा."

आधी तिच्या बोटांचे ठसे घेण्यात आले. गुन्हा काही नव्हता. दहाही बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणारी एक चाचणी निघाली आहे. तिला शास्त्रीय आधार नाही असं देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्येच सांगून टाकलंय, पण स्पायरल बाइंडिंग केलेल्या रंगीत अहवालापुढे संघटनेचं कोण ऐकतो? अहवालात मेंदूचं चित्र होतं, डावी बाजू निळी, उजवी गुलाबी. निष्कर्ष असा, की मुलीला माणसांत मिसळायला आवडतं. सोसायटीच्या वॉचमननं हेच फुकट सांगितलं असतं. खाली शिफारस होती : अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा, व्यवस्थापन, सनदी सेवा, कला. मुरमुऱ्याची गाडी तेवढी राहून गेली.

मग मेव्हण्यांनी एक्सेल शीट केली. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात जास्तीत जास्त दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात. २०२५ पासून ही पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली, म्हणजे पूर्वी पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांपुरती असलेली धाकधूक आता तालुक्याच्या गावालाही मिळाली. गंमत अशी, की त्या वर्षी दहावी पास झालेली मुलं साडेचौदा लाखांच्या आसपास आणि अकरावीच्या जागा वीस लाखांवर. आलेल्या पाहुण्यांपेक्षा पानं जास्त मांडलेली, तरी पंगतीत चेंगराचेंगरी. शीटमध्ये घरापासूनचं अंतर, कटऑफ, फी असे रकाने होते. ग्रंथालय, मैदान, नाट्यमंडळ यांना रकाना नव्हता. शेवटचा रकाना 'टाय-अप' असा होता आणि तो पिवळ्या रंगानं भरला होता.

ज्यांच्या घरात अजून दहावी आलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाय-अप, म्हणजेच 'इंटिग्रेटेड', ही अशी सोय आहे की मुलाचं नाव कॉलेजात असतं आणि मूल क्लासमध्ये असतं. कॉलेज प्रॅक्टिकलला आणि हॉल तिकिटाला लागतं. हजेरी, जर्नल वगैरे कागदांची काळजी कागद घेतात. हे थांबवायला सरकारनं २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. म्हणजे बघा, बोटाच्या ठशावरून मुलगी पुढे न्यायाधीश होणार की नटी हे आम्हाला कळतं, पण आज वर्गात आहे की नाही हे काही अजून कळलेलं नाही.

अशाच एका क्लासमध्ये समुपदेशनाला मीही गेलो होतो. एसी, काचेचं टेबल, बशीत चॉकलेटं, भिंतभर टॉपरांचे फोटो. कुणीही हसत नव्हतं. समुपदेशक मुलीकडे न बघता मेव्हण्यांशी बोलत होते. त्यांनी सवयीनं "काही डाउट?" असं विचारलं आणि भाचीनं ते खरं मानलं.

"सर, लायब्ररी आहे?"

"स्टडी रूम आहे. पण तिथे बोलायचं नाही."

"ग्राउंड?"

"पार्किंग आहे ना."

"गॅदरिंग असतं का?"

"टॉपर्सचा सत्कार असतो."

"आणि सर, हा तिसरा फोटो पलीकडच्या चौकात दुसऱ्या क्लासच्या बोर्डवर पण आहे. तो मुलगा नक्की कुठे शिकला?"

समुपदेशकांनी एक चॉकलेट तिच्याकडे सरकवलं आणि मेव्हण्यांना धीर दिला, "प्रश्न विचारायची सवय दिसते. काळजी करू नका, दोन महिन्यांत जाते." इतका वेळ अवघडून बसलेले मेव्हणे पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसले. एकरकमी फी भरली तर सवलत होती.

घरी ताईनं विरोध करून पाहिला. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे, तिघेही बी. जे. मेडिकलचे, डॉक्टरही झाले आणि नाटकंही केली, असं तिचं म्हणणं. "त्यांच्या वेळी नीट होती का?" मेव्हण्यांनी एका वाक्यात तिघांना उडवलं. मी टिळकांचं नाव काढलं. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी तालमीत आणि नदीत पोहण्यात घालवलं होतं, तब्येत कमवायची म्हणून. पुढे गणित शिकवलंच की! त्यावर मेव्हणे म्हणाले, "ड्रॉप घेतला म्हणा ना. पण एका वर्षाचा ड्रॉप आपल्याला परवडणार नाही."

मला स्वतःला पुरुषोत्तम करंडकाबद्दल बोलायचं होतं. पुण्यातल्या कॉलेजांची ही एकांकिका स्पर्धा साठ वर्षांहून जुनी आहे, आणि २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या तोडीचं नाटक दिसलं नाही म्हणाले. पोरं चिडली, वर्तमानपत्रांत वाद झाले, पण करंडक त्या वर्षी दिला गेला नाही तो नाहीच. क्लासच्या जाहिरातींच्या या मोसमात मला तो निकाल फार आठवतो. ज्या गावात प्रत्येक चौकात कुणी ना कुणी राज्यात पहिलं असतं, तिथे 'यंदा कुणीच पहिलं नाही' असं म्हणायची हिंमत कॉलेजच्या नाटकवाल्यांपाशीच निघावी! आपल्या नाटकाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं सोळा-सतराव्या वर्षी ऐकलं, की पुढे पर्सेंटाइलनं माणूस तितकासा हबकत नाही, असा माझा समज आहे. मेव्हण्यांनी विचारलं, "करंडकाचे सीईटीला किती धरतात?" धरत नाहीत. विषय संपला.

त्यांचा पुढचा बेत मात्र चोख आहे. दोन वर्षं मुलीचं तोंड बंद ठेवायचं, मग ती मुंबईच्या आयआयटीत जाईल. तिथे डिसेंबरात मूड इंडिगो हा कॉलेज महोत्सव भरतो, हजारो पोरं नाचतात-गातात, तिथे तिला हवं तेवढं बोलू दे. आणि तोवर बोलणं विसरली तर? त्याचीही तरतूद आहे. त्याच क्लासच्या वरच्या मजल्यावर व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालतात : ग्रुप डिस्कशन, मुलाखतीची तयारी, अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करावी. त्याची फी वेगळी.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा पोर्टल दोनदा बंद पडलं आणि कॅप्चा मेव्हण्यांना वाचता येईना. शेवटी त्यांनी कॉलेजांची नावं वाचून दाखवायची आणि भाचीनं टाइप करायची असं ठरलं. दहाही नावं तिनं इमानदारीत भरली. क्रम मात्र स्वतःचा लावला. नाट्यमंडळ असलेलं आणि टाय-अप नसलेलं एक कॉलेज, जे मेव्हण्यांनी 'असू दे' म्हणून दहावं सांगितलं होतं, ते तिनं पहिलं टाकलं. मेव्हण्यांनी चष्मा कपाळावर ठेवून ओटीपी सांगितला आणि अर्ज स्वतःच्या बोटानं लॉक केला. यादी लागली, पहिली पसंती मिळाली. नियम असा, की पहिली पसंती मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. माहितीपुस्तिका घरात तिनं एकटीनंच वाचली होती.

मेव्हणे हार मानणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी क्लासला फोन लावला. टाय-अप नसलं तरी हरकत नाही, संध्याकाळची बॅच आहे, साडेसहा ते साडेनऊ, असं समजलं. फी भरून टाकली. भाचीनंही कॉलेजात चौकशी केली. तालमी साडेसहाला सुरू होतात. हे तिनं अजून घरी सांगितलेलं नाही. आठवडाभर ती जेवताना अवाक्षर काढत नाही, आणि क्लासचा गुण पहिल्याच आठवड्यात कसा दिसायला लागला, हे मेव्हणे सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरताहेत.